पाणी पितेस ना?

अमळनेर,
मंगळवार, दुपार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री ट्रॅव्हल्स कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी खिडकीकडे बघत होते. तू पडदा बाजूला केला नाहीस. नाना म्हणाले, बाळ झोपलं असेल. पण तू रागावून गेलीस हे मला कळतंय, आणि मी बोललेच तसं होते. मोठ्या वहिनींसमोर, जावईबापूंसमोर, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, आता मनातून काढून टाक" म्हणाले. तू उलट एक शब्द बोलली नाहीस. डाव्या हातातली वाटी उजव्या हातात घेतलीस आणि उठून आत गेलीस. वाटी बदलून घेतानाची तुझी ती बोटं दोन दिवस डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

फोन लावला की मला आधी रडू येतं, मग तू म्हणतेस "ठेवते आई". म्हणून लिहायला बसले. पाण्याचं काही लिहायचं नाही असं ठरवलंय. तरी एकदाच विचारते, पाणी पितेस ना? दूध पाजायला बसण्याआधी एक तांब्या जवळ ठेवत जा.

२९ वर्षं अंगणवाडीत काढली मी. गावातल्या किती बायकांना सांगितलं असेल, लोहाच्या गोळ्या गरोदरपणी १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, तर रात्र असली तरी थांबायचं नाही. हे सगळं पाठ असलेली बाई मी. आणि माझ्याच घरात, माझीच लेक बाराव्या दिवशी म्हणाली, "आई, डावा पाय माझा नाहीच असं वाटतंय", तेव्हा मी काय म्हणाले? टाके आहेत, एका कुशीवर झोपतेस, पायाला मुंग्या येणारच. मग हात. मग ती करंट बसल्यासारखी कळ, मानेपासून बोटांपर्यंत. मग तो दिवस, बाळाच्या अंगाला लावायचं कोमट तेल तुझ्या हातातून सांडलं आणि वाटी घरंगळत मोरीपर्यंत गेली. तू वाटीकडे बघतच राहिलीस. मला अजून ऐकू येते ती.

आशाताई नेमाने आली. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं, तशी आली. बाळाचं वजन केलं, नाळ पाहिली, ताप पाहिला. मीही दर वेळी बाळाचं वजन किती भरलं तेवढंच विचारलं. बाळ बाळसं धरत होतं, म्हणजे सगळं ठीक, असंच आपण बायका धरून चालतो. तुझ्या पायाचं मी तिच्याजवळ काढलंच नाही. तिला काय दोष देऊ?

गल्लीत तर प्रत्येकीकडे कारण तयार. सीझरच्या वेळी कमरेत सुई दिली म्हणून, वारा लागला म्हणून, नजर लागली म्हणून. मी मीठ-मोहरी उतरवून टाकली, तुला आवडत नाही तरी. धुळ्याच्या डॉक्टरांनी सुईचं नीट सांगितलं, आठवतं? त्या सुईने डोकं दुखतं ते बसल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर उतरतं. तुझं तसं नव्हतं. मग त्यांनी मेंदूचा एमआरआय आणि त्यासोबत शिरांचा वेगळा फोटो सांगितला. कारण विचारलं तर म्हणाले, गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून शरीरच ती तयारी करतं. बाळंतपणानंतरही निदान सहा आठवडे तो धोका असतो. त्यात अंगातलं पाणी कमी झालं की मेंदूतल्या शिरेत गुठळी होऊ शकते. आणि मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्याकडे बाळंतिणीला पाणी किती देता?"

मनू, मी गप्प बसले. तू माझ्या शेजारी होतीस, तुला उत्तर ठाऊक होतं, तूही गप्प बसलीस. माझी लाज राखलीस. त्याचं मी कधी काही बोलले नाही, आज बोलते.

चैत्राचं ऊन, पारा ४३-४४ वर, आणि मी तुला बाळंतशोपा घालून उकळलेलं पाणी दिवसाला तीन फुलपात्रं मोजून देत होते. तू मागायचीस तेव्हा वर म्हणायचे, "पोट सुटेल." हे मी कुणाकडून शिकले, माहीत आहे? १९९५ च्या वैशाखात तू झालीस. जुन्या घरात, मधल्या खोलीत बाजेवर मी, बाजेखाली शेगडी. तुझ्या आजीने दिवसाला दोनच फुलपात्रं पाणी ठरवून दिलं होतं. जीभ टाळूला चिकटायची. एका रात्री सगळे ओट्यावर झोपले तशी मी उठले, भिंत धरून रांजणापर्यंत गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, गडव्याचा आवाज होईल म्हणून. आजीला जाग आलीच. ओरडली नाही. जवळ घेऊन म्हणाली, "पाणी पिऊ नको माय, पोट सुटी जाई." मी रडत होते तर म्हणाली, "कसाले रडस?" तिचा जीव होता माझ्यावर. मग मी तुझ्या वेळी तसंच का केलं? ज्या बाईने चोरून पाणी प्यायलं, तिनेच लेकीला फुलपात्रं मोजून द्यावीत?

गुठळी निघाली नाही. शिरा मोकळ्या आहेत, डॉक्टरांनी काचेवर फोटो लावून दाखवल्या. थायरॉइड, साखर, कॅल्शियम ठीक. नसांची करंट लावून केलेली तपासणी ठीक. बी-१२ जरा कमी, त्याची इंजेक्शनं झाली, मुंग्या गेल्या नाहीत. म्हणजे माझ्या पाण्याने झालं असंही कुणी म्हणत नाही. तरी मी झोपेतून उठते ती त्या तीन फुलपात्रांनीच. असो. पाण्याचं नाही लिहायचं म्हटलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, याचा अर्थ त्रास खोटा आहे असा नाही. नस शाबूत असून तिच्यातून निरोप नीट जात नाही, असंही होतं. लक्ष ठेवू, व्यायाम करू, काही महिन्यांनी पुन्हा तपासू." मी त्यातलं पहिलं अर्धं तेवढं घरी आणलं. नॉर्मल आलं म्हणून पेढे वाटले. मला इतकी भीती होती ना, की तो एक शब्द मिळाला तसा घट्ट धरून बसले. पुढचं ऐकलंच नाही. तुझं मी खरं मानलं नाही, हे खरं आहे. आता मानते. त्याला नाव मिळो न मिळो.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, नानांनी निंबाला झोका बांधला होता. पोरी गाणी म्हणत होत्या, तुला बोलावत होत्या. तू दोर धरलास, डाव्या हाताची बोटं मिटेनात. मग तू हसून म्हणालीस, "बाळ उठेल, जाते मी." मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. त्याच हातांनी तू आठवीत असताना सर्वांत उंच झोका घ्यायचीस, शेंड्याचा पाला तोडून आणायचीस, मी खालून ओरडायचे. कॉलेजला असताना रोज पहाटेची गाडी पकडून धुळ्याला जायचीस, एक दिवस चुकवली नाहीस. बापाने कापूस विकून फी भरली ती तू अशी फेडलीस. अशा पोरीला मी म्हणाले, मनातून काढ!

आता थोडं ऐक. बाळाला घेऊन जिना उतरू नकोस, जावईबापू घरी असले तरच. पाजायचं ते खाली गादीवर बसून किंवा आडवं होऊन. अंघोळीच्या पाण्यात डावा हात घालून अंदाज घेऊ नको, त्या हाताला चटका कळत नाही, उजवं कोपर घाल. गॅसजवळ बाळ कडेवर नको. एक वही कर. किती वाजता झालं, कुठल्या बाजूला, किती वेळ टिकलं, तेव्हा काय करत होतीस, झोप किती झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांसमोर आठवून सांगायला गेलं की निम्मं राहतं. फिजिओथेरपीचा कंटाळा करू नको. आणि तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एकाच बाजूची ताकद गेली, कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, दिसेनासं झालं, तर नेहमीचंच आहे म्हणून सकाळची वाट बघायची नाही. हे जावईबापूंनाही वाचून दाखव.

बघ, पुन्हा अंगणवाडीची मीटिंग सुरू केली मी. माफ कर. तुला हे सगळं माझ्याआधी माहीत आहे, तूच फोनवर वाचून मला सांगत होतीस आणि मी "ते मोबाईलमधलं वाचत बसू नको" म्हणत होते. शिवाय तू घाबरलेली असशील त्यात मी आणखी भर घालतेय. रात्री बाळ झोपल्यावर एकटी बसून रडत असशील तर ते जावईबापूंपासून लपवू नको, डॉक्टरांपासूनही नको. मी रडणं लपवायला शिकवलं तुला. तेही चुकलंच.

कानबाईच्या सणाला या असं म्हणणार नाही. प्रवास झेपला तर या. नाही झेपला तर रोट मी भाऊच्या हाती पाठवीन. यंदा मागणं तुझ्यासाठीच आहे, पण तू यायलाच हवं असं काही नाही. नाना रोज सकाळी कपाशीला जाण्याआधी विचारतात, "मनूचा फोन?" मी नाही म्हटलं की चहा तसाच ठेवून निघतात. त्यांना दोन मिनिटं फोन कर, मला नाही केलास तरी चालेल. झोका अजून सोडला नाही त्यांनी. पावसाने दोर काळा पडलाय.

पार्सल पाठवतेय. दादर ज्वारीचं पीठ, कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, डिंकाचे लाडू. लाडवात मेथी कमी घातली आहे. आणि तळाशी कपड्यात गुंडाळलेला तांब्याचा गडवा आहे, आजीचा. दोन लिटर मावतं. बाळाला पाजायला बसतेस तिथे ठेव.

नाना बसस्टँडला निघालेत, चपला घालून दारात उभे आहेत. खोकं जड झालंय, तू उचलू नको, जावईबापूंना खाली यायला सांग.

तुझी,
आई