माल्प्लाकेचं मैदान

पुणे,
रविवार

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू छातीठोकपणे म्हणालास, "मैदान ज्याच्या ताब्यात, तो जिंकला." तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, म्हणून गप्प बसलो. आता सांगतो.

११ सप्टेंबर १७०९. स्पेनच्या गादीवर कोण, यावरून युरोपात आठ वर्षं युद्ध पेटलेलं. मॉन्स या किल्लेबंद शहराला वेढा घालणाऱ्या इंग्रज सेनापती मार्लबरो आणि त्याचा ऑस्ट्रियन जोडीदार यूजीन यांच्यासमोर फ्रेंच सेनापती विलार माल्प्लाके गावापाशी आडवा आला. दोन रानांच्या मधे उघड्या जमिनीचा पट्टा, बस्स. तूर्नेहून कुमक यायची म्हणून मार्लबरो थांबला. तेवढ्यात फ्रेंचांनी खंदक खणले, झाडं पाडून आडोसे रचले. मग समोरून चढाई! मार्लबरोच्या बाजूच्या, ऑरेंजच्या तरुण राजपुत्राने आपलं डच पायदळ पुन्हा पुन्हा तोफांच्या तोंडी दिलं. मला सगळ्यात चीड येते ती इथे. एकदा कळल्यावर परत कशाला?

विलारचा गुडघा फुटला. त्याची जागा घेतली बुफ्लेरने. हा खरं तर विलारला ज्येष्ठ, पासष्टीचा, तरी आपणहून त्याच्या हाताखाली आलेला. त्याने फौज शिस्तीत मागे काढली. पाठलाग करायला कोणात त्राण होतं?

मैदान मार्लबरोचं. पण त्याच्या बाजूची वीस हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जायबंदी झाली. फ्रेंचांची साधारण निम्मी. विलारने आपल्या राजाला, चौदाव्या लुईला कळवलं की देवकृपेने अशी आणखी एक लढाई हरलो, तर शत्रू संपलाच समजा. तू 'गड आला पण सिंह गेला' म्हणशील. अरे, इथे मार्लबरो आणि यूजीन, सिंह दोघेही धडधाकट राहिले, गेले ते मावळे.

आणि गड कोणता? ऑक्टोबरात मॉन्स पडलं, तेवढंच. पॅरिसच्या वाटेवर किल्ल्यांची रांग तशीच उभी. गंमत म्हणजे, त्या वर्षीच्या थंडीने आणि दुष्काळाने टेकीला आलेला चौदावा लुई आधीच बरंच सोडायला तयार होता. पण स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला माद्रिदमधून तूच हाकल, अशी अट शत्रूने घातली तेव्हा तो बिथरला. लढाईनंतर तर त्याला उलट धीर आला. इकडे इंग्लंडात लोक युद्धाला कंटाळले, १७११ च्या अखेरीस मार्लबरोलाच घरी बसवलं. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहात नातू स्पेनच्या गादीवर कायम!

दिवाळीत येशील तेव्हा नकाशा पसरून बसू. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
विनय