शिकवण्याच्या मिनिटांचा हिशेब: वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

ऑपरेशन थिएटरचा वापर मोजून प्रतीक्षायादी लवकर संपवावी, हा आपल्या खात्याचा हेतू मला मान्य आहे. हरकत एवढीच, की या मोजणीत निवासी डॉक्टरला (शिकाऊ सर्जनला, म्हणजे रेसिडेंटला) शिकवण्यात गेलेली मिनिटे आणि एखादे उपकरण वेळेवर न सापडल्यामुळे वाया गेलेली मिनिटे एकाच रकान्यात पडतात.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचेच पाहा. पित्ताशयाची नळी आणि रोहिणी भोवतालच्या चरबीतून मोकळी करायची आणि पित्ताशयाकडे या दोनच रचना जात आहेत अशी खात्री पटल्यावरच क्लिप लावायची, हा नियम प्रत्येक रेसिडेंटला तोंडपाठ असतो. हातात उतरायला मात्र त्याला वेळ लागतो. अनुभवी सर्जन जिथे सहज पुढे सरकतो तिथे शिकाऊ हात थांबतो, उपकरण बदलतो, पुन्हा विचारतो. नेमक्या त्याच जागी त्याला घाई करणे सर्वांत धोक्याचे, कारण मुख्य पित्तनलिकेला इजा झाली तर रुग्णाला आणखी मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागू शकते.

हा वेळ मोजला गेला आहे. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या ब्रिजेस आणि डायमंड यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रेसिडेंटसह आणि रेसिडेंटविना झालेल्या शस्त्रक्रियांचा कालावधी ताडून पाहिला. चार वर्षांत एका रेसिडेंटमागे थिएटरची ११,१८४ मिनिटे, म्हणजे सुमारे १८६ तास, जादा लागतात आणि त्यांची किंमत ४७,९७० डॉलर होते, असा त्यांचा हिशेब होता. ती रक्कम जशीच्या तशी दुसरीकडे लावता येणार नाही. शिवाय मिनिटाला ठरावीक दर लावण्यात थोडी गफलत आहे: दहा मिनिटे वाचल्याने भूलतज्ज्ञाचा किंवा परिचारिकेचा पगार कमी होत नाही. खर्च खरोखर जाणवतो तो यादीतली शेवटची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, किंवा कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेनंतर थांबावे लागते तेव्हा. तरीही एक सर्जन घडवण्यासाठी १८६ तास मला स्वस्तच वाटतात.

अडचण अशी, की हा खर्च कुणाच्याच नावावर मांडलेला नसल्यामुळे तो गुपचूप वाचवला जातो. यादी लांबली, भूलतज्ज्ञाने घड्याळाकडे पाहिले, की अध्यापक रेसिडेंटच्या हातातून उपकरण काढून घेतो. मीही घेतले आहे. त्या दिवसाचे आकडे चांगले दिसतात आणि रेसिडेंटच्या नोंदवहीत 'साहाय्य केले' एवढीच ओळ वाढते. न दिलेली ती मिनिटे तो पुढे कुठेतरी खर्च करतोच, फक्त तेव्हा टेबलाच्या पलीकडे अध्यापक उभा नसतो.

काही भाग थिएटरबाहेर शिकवता येतो, हे खरे. येल विद्यापीठातील २००२ च्या अभ्यासात सिम्युलेटरवर (शस्त्रक्रियेची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) सराव केलेल्या रेसिडेंटनी यकृतापासून पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले होते. पण त्या अभ्यासात रेसिडेंट होते अवघे १६, आणि सुजलेले, चिकटलेले पित्ताशय हाती आल्यावर काय करायचे हे शेवटी रुग्णाच्या टेबलाशीच शिकावे लागते. कौशल्य प्रयोगशाळांना निधी अवश्य द्यावा. तो दिला म्हणून थिएटरमधला शिकवण्याचा वेळ कापू नये.

म्हणून विनंती अशी, की थिएटरच्या नोंदवहीत शिक्षणासाठी लागलेल्या जादा वेळेचा स्वतंत्र रकाना असावा, तो वेळ कार्यक्षमतेच्या आकड्यांतून वगळावा आणि त्याचा खर्च रुग्णसेवेच्या नव्हे, तर वैद्यकीय शिक्षणाच्या तरतुदीतून भागवावा. शस्त्रक्रियेत रेसिडेंटचा हात किती असेल, हे रुग्णाला संमती घेतानाच स्पष्ट सांगणेही बंधनकारक असावे. आणि त्या रकान्याखाली अध्यापकाबरोबर भूलतज्ज्ञाचीही सही घ्यावी, म्हणजे उशिरा पोहोचलेल्या अध्यापकाचा वेळ शिक्षणाच्या नावावर खपणार नाही.

आपला विश्वासू,
शल्यचिकित्सा विभागातील एक अध्यापक