दोरीच्या ऑपरेशनबद्दल, शैलास

लातूर,
ता. 19 जानेवारी 2025

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुझ्या सईच्या पाठीच्या कण्याचा बाक 48 अंश, आणि डॉक्टर म्हणतात दोरीचं ऑपरेशन करता येईल. फोनवर धड काही सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या मुक्ताचं मला कळलं ते येळवशीच्या सणाला. शेतात खोपीपुढं वाकून ती बिंदगीतली आंबील काढत होती, आणि पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा हातभर वर आल्यासारखी दिसली. वेणी घालताना खांदा वर-खाली वाटायचा, पण दप्तराचा दोष म्हणून मी सोडून दिलं होतं. एक्स-रेत 52 अंश निघाले. बाक आवरायला पाठीला बांधतात त्या पट्ट्याचा काळ निघून गेला होता.

दोरीच्या ऑपरेशननं 'पाठ लवती राहते' या एका वाक्यावर भाळून मी मुक्ताचं ते करून घेतलं. तू भाळू नकोस, आधी नीट समजून घे. बाकाच्या फुगीर बाजूनं मणक्यांत स्क्रू बसवतात आणि त्यांतून पॉलिएस्टरची दोरी ताणून बांधतात. त्या बाजूची वाढ दबते, दुसरी बाजू वाढत राहते आणि पाठ हळूहळू सरळ होते. म्हणजे खरं काम मुलीची उरलेली वाढच करते. वाढ संपत आली असेल तर फायदा थोडा, आणि फार बाकी असेल तर पाठ उलट्या बाजूला वाकू शकते. म्हणून हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. सईची पाळी अजून आली नाही, हे डॉक्टरांना आवर्जून सांग.

ऑपरेशन छातीतून होतं. एका बाजूचं फुप्फुस तेवढा वेळ मिटवून ठेवतात. नंतर छातीत पाणी किंवा हवा साठू शकते. मुक्ताच्या बरगड्यांतून नळी होती. तिसऱ्या दिवशी ती काढली तेव्हा तिनं माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

आणि दोरी तुटते, शैला. हे मला आधी कुणी ठासून सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अडीच वर्षांनी मुक्ताची तुटली. दोरी एक्स-रेत दिसतच नाही. दोन स्क्रूंमधला कोन अचानक वाढलेला दिसला, त्यावरून डॉक्टरांनी ओळखलं. 24 वर आलेला बाक 33 वर गेला. सध्या थांबलाय, दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढतो. दोरी तुटली की प्रत्येकीला पुन्हा टेबलावर घेतातच असं नाही, पण मणके जोडण्याच्या ऑपरेशनपेक्षा यात दुसऱ्यांदा ऑपरेशनची वेळ जास्त जणींवर येते. अमेरिकेत एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2019 च्या ऑगस्टमध्ये या दोरीला मंजुरी दिली, तीही खास सवलतीतली: वाढ बाकी असलेल्या, 30 ते 65 अंशांचा बाक असलेल्या आणि पट्ट्यानं भागलं नाही अशा मुलांसाठी. परिणामकारकतेचा पुरा पुरावा त्या सवलतीत मागत नाहीत.

मणके जोडले तर तेवढा भाग कायमचा ताठ होतो. जंतुसंसर्गाची, क्वचित मज्जातंतूला इजा होण्याची भीती तिथंही आहेच. पण त्याचा अनुभव कित्येक दशकांचा आहे. शिवाय वरच्या पाठीचे मणके बरगड्यांनी बांधलेले, तिथं मुळातच लवचीकपणा कमी. सईचा बाक नेमका कुठं आहे, हे म्हणून आधी विचार. कमरेकडं असेल तर लवचीकपणा वाचवण्याला जास्त अर्थ आहे, पण दोरीवरचा ताणही तिथंच जास्त.

मुक्ताला विचारलं, पुन्हा हेच केलं असतंस का? ती म्हणाली, "हो, पण तुटू शकते हे मला आधी सांगायला पाहिजे होतं." सईशी बोलताना हे ध्यानात ठेव. सासूबाई लग्नाचं काढतील, त्यावर सध्या गप्प राहा.

भाऊजींना सुट्टी मिळत नसेल तर मी येते. उभं राहून काढलेले सगळे जुने एक्स-रे एका पिशवीत ठेव, आणि मुंबईच्या डॉक्टरांना विचार की दोरी तुटलेल्या त्यांच्या किती मुलींना पुन्हा ऑपरेशन लागलं. देवगिरी एक्स्प्रेसची तिकिटं काढायच्या आधी मला फोन कर, मी आदल्या दिवशीच परभणीला येऊन राहते.

तुझीच,
सुमन