बरणी भरायची घाई नको

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या झाडाला पहिल्यांदाच एवढे प्लम लागले आणि सगळे एकदमच पिकले, हे ऐकून किती बरं वाटलं! खाऊन-वाटून उरतील ते वाळव. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

फळ झाडावरच पूर्ण पिकू दे. कच्चं फळ वाळवून गोड होत नाही, पाणी गेल्यावर त्याचा आंबटपणाच जास्त जाणवतो. धुऊन, पुसून, खाचेवरून सुरी फिरव आणि दोन भाग करून बी काढ. बी गराला चिकटलेली असेल तर ओढाताण करू नकोस, कडेकडेने फोडी काप. मग प्रत्येक अर्धं सालीकडून अंगठ्याने दाबून उलटं कर, म्हणजे गर फुगून वर येईल. हे नक्की कर. सालीवर मेणासारखा थर असतो, तो पाणी सोडत नाही. जे सुकायचं ते गराच्या बाजूनेच. (अख्खेच वाळवायचे तर आधी अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाक, साल तडकते.)

साल खाली ठेवून, एकमेकांना न चिकटवता जाळीवर मांड. डिहायड्रेटर (फळं वाळवायचं यंत्र) ५७ ते ६० अंश सेल्सिअसवर ठेवलास तर २४ ते ३६ तास लागतील. लांबलं म्हणून आच वाढवू नकोस. वरचा भाग कडक होतो, आतलं पाणी आतच कोंडतं, आणि आपण फसतो. उन्हात घालायचे असतील तर हवा कोरडी हवी, ऊन निदान ३० अंशांचं हवं. वर जाळी टाक आणि रात्री घरात घे.

झाले की नाही ते गरम असताना कळत नाही. एक तुकडा गार होऊ दे, मग फाडून दाब. चामड्यासारखा लवचिक असावा, ओल दिसता कामा नये.

आता खरं महत्त्वाचं. सगळे तुकडे सारखे वाळत नाहीत. म्हणून काचेची बरणी दोन तृतीयांशच भर, झाकण लाव आणि ७ ते १० दिवस रोज हलव. ओलसर तुकड्यांतली ओल कोरड्यांमध्ये वाटली जाते. काचेवर आतून दमटपणा दिसला तर सगळे पुन्हा वाळवायला घाल. एका वर्षी मी हे केलं नाही, बरण्या गच्च भरून कपाटात ठेवल्या. महिन्याभराने उघडल्या तर बुरशी. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, त्यातली निम्मी फळं तूच वेचली होतीस. ते सगळं टाकून देताना तुझा चेहरा पाहवत नव्हता.

उन्हात वाळवलेले असतील तर भरण्याआधी ४८ तास फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेव, कीड-अंडी राहत नाहीत.

३ किलो फळांचे जेमतेम १ किलो होतात, तेव्हा बरणी छोटीच घे. दहाव्या दिवशी काच कोरडी दिसली की मला लगेच फोन कर, मी वाट बघेन.

तुझी,
आई