बेटांना रस्ता : फिरत्या प्रदर्शनासाठी मदतीचं आवाहन

मंडळाचे सभासद, हितचिंतक आणि दांडिया बाजार, रावपुरा सोडून गोत्री-मांजलपूरला राहायला गेलेली आपली सगळी मंडळी, सप्रेम नमस्कार.

गणपती तोंडावर आले आणि प्रदर्शनाच्या सहा पेट्यांपैकी तीनच भरल्या आहेत, म्हणून हे पत्र घाईघाईनं लिहितो आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आपल्या बडोद्यात शिरलं, ते आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. मंडळाचं सामान अकोट्याला तळघरात होतं. जुने फलक, मखर, सतरंज्या, सगळं गेलं. भिंतीवर छातीइतक्या उंचीची चिखलाची रेघ अजून आहे, ती आम्ही मुद्दाम पुसलेली नाही. पण सामानाचं दुःख एकवेळ सोसलं. आपल्या माईंना डायलिसिसला न्यायचं होतं आणि नदीतल्या मगरींच्या भीतीनं कोणी पाण्यात पाऊल टाकेना. बोट आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. घराघराचं बेट झालं होतं. दवाखाना गच्चीवरून दिसत होता, पण जायचं कसं? पुढच्या बैठकीत माईंच्याच सुनेनं विषय सुचवला, बेटांना जोडणारे रस्ते आणि पूल. तो एकमतानं मंजूर झाला.

विषय लांबचा वाटेल, पण तो आपल्या घरचाच आहे. द्वारका आणि बेट द्वारका ज्या ओखामंडळात आहेत ते बडोदे संस्थानात होतं. ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९२६ साली सुरू झालं. ओख्यासमोरच्या समुद्रातल्या बेट द्वारकेला जायला मात्र होडीच. तीही दिवसाउजेडी, आणि दर्या खवळला की तीसुद्धा बंद. २५ फेब्रुवारी २०२४ ला सुदर्शन सेतू खुला झाला आणि बेटावरचा माणूस रात्री-अपरात्री गाडीनं ओख्याला येऊ लागला. पूल २.३२ किलोमीटरचा, चौपदरी, मधला सुमारे ९०० मीटरचा भाग केबलांनी तोललेला. पदपथाच्या कडेनं गीतेचे श्लोक आहेत आणि वर सौरऊर्जेच्या पट्ट्या.

याचं साडेआठ फुटी मॉडेल बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या आपल्या काकांनी केलं आहे. केबलांच्या जागी नायलॉनचा दोरा आहे. काका रोज संध्याकाळी येतात, तानपुरा जुळवावा तसा एकेक दोरा बोटानं छेडतात, आवाज बसका आला की खिळ्याला अर्धा वेढा जास्त देतात. एक दोरा सैल पडला तर पुलाची पाठ कशी वाकते, ते मुलांना हातात दोरा देऊनच दाखवतात. हे पुस्तकातून कळत नाही.

देणगीवरच पुढे जाणारं काम आहे, म्हणून एक फलक माहीमच्या रस्त्याचा आहे. मुंबई तेव्हा बेट होती. माहीमची खाडी ओलांडताना होड्या उलटत, माणसं बुडत. दानशूर पारशी घराण्यातल्या लेडी जमशेटजी यांनी १,५७,००० रुपये पदरचे दिले, आणि १८४५ मध्ये खाडीवर रस्ता झाला. अट एकच, कोणाकडून टोल घ्यायचा नाही. त्याच मुंबईला २०२४ च्या जानेवारीत २१.८ किलोमीटरचा अटल सेतू मिळाला, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर.

तमिळनाडूत रामेश्वरम बेटाला जोडणाऱ्या पांबनच्या रेल्वेपुलाचा फलक तयार आहे. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळानं तिथं धनुष्कोडीजवळ रेल्वेगाडी माणसांसकट समुद्रात ओढून नेली आणि पूलही मोडला. रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. रस्त्याचा पूल १९८८ मध्ये झाला आणि उचलता येणारा नवा रेल्वेपूल २०२५ मध्ये. अंदमानचा फलक अर्धा आहे. सावरकरांमुळे अंदमान आपल्याला माहीत आहे, पण तिथल्या राष्ट्रीय महामार्ग ४ बद्दल आपण काहीच जाणत नाही. तो जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, त्या टप्प्यात वाहनं ठरलेल्या वेळी ताफ्यानं सोडतात. रस्ता गेला म्हणजे सगळ्यांचं भलंच झालं असं नसतं, हेही मुलांना सांगायला हवं, असं माझं मत आहे.

आणि शेवटची पेटी निगराणीची. ९ जुलै २०२५ ला पादऱ्याजवळ महीवरचा गंभीरा पूल तुटला, गाड्या नदीत पडल्या, माणसं गेली. आपल्या जिल्ह्यातली माणसं. समुद्राच्या खाऱ्या हवेत तर पुलाला दुप्पट जपावं लागतं. मीठ आत झिरपतं, सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. काकांनी त्यासाठी तडा गेलेला खरा तुकडा आणून ठेवला आहे. ही पेटी रिकामी राहिली तर प्रदर्शन करूच नये, असं मला वाटतं.

महाराजांच्या राज्यात पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत. तशाच या पेट्या गणपतीनंतर शाळाशाळांतून फिरवायच्या आहेत.

इथवर आलो ते ज्यांच्यामुळे, त्यांचे उपकार लिहिल्यावाचून राहवत नाही. वाडीतल्या सुतारदादांनी पेट्यांचं फक्त लाकडाचं मोल घेतलं. मराठी शाळेतल्या आपल्या जुन्या बाईंनी महिन्याची पूर्ण पेन्शन पाकिटात घालून दिली आणि नाव छापू नका म्हणून बजावलं, म्हणून छापत नाही. मंडळाच्या समोरच्या गुजराती शेजाऱ्यांनी पुरानंतर आठ दिवस टेम्पो दिला, डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. खंडेराव मार्केटमधल्या फुलवाल्या मावशी आजही गणपतीचा रोजचा हार पाठवतात. त्यांचं ऋण आम्ही मानतो.

एक बोलतो, राग मानू नका. गेल्या वर्षी अर्धं प्रदर्शन मांडलं तेव्हा काका पाचही संध्याकाळी मॉडेलजवळ उभे होते. मोजून बावीस घरांतली माणसं आली. ज्यांच्या मुंजी, बारशी, साखरपुडे याच हॉलमध्ये झाले, त्यांतल्या कित्येकांनी निरोपाला उत्तरही दिलं नाही. काका काही बोलले नाहीत, पण आम्हाला फार लागलं. यंदा तसं होऊ देऊ नका.

गरज अशी : एकूण खर्च ८५,०००, जमा ३१,०००, बाकी ५४,०००. त्यात छपाई, प्लायवुड, दिवे, टेम्पोभाडं आलं. चेक मंडळाच्या नावे, रोख दिल्यास पावती घ्यावी, क्यूआर हॉलच्या फलकावर आहे. रक्कम चतुर्थीच्या आठ दिवस आधी यावी, छापखाना थांबणार नाही. पैसे जमत नसतील तर दोन तास द्या : रंगकामाला चार जण, मोत्यासारखं अक्षर असलेले दोघं आणि दुचाकीवाला एक मुलगा हवा आहे. रोज संध्याकाळी सात ते नऊ हॉल उघडा असतो, रविवारी सकाळीही. ओखा किंवा बेट द्वारकेचे जुने फोटो कोणाच्या घरी असतील तर द्यावेत, स्कॅन करून त्याच दिवशी परत करू.

आपला,
चिटणीस

ता. क. माईंची तब्येत आता बरी आहे. उद्घाटन त्यांच्याच हस्ते आहे. त्यांना आणायला आणि पोचवायला एक गाडी हवी, ज्यांना जमेल त्यांनी काकांना सांगावं.