रिवायंडिंगवाल्या मामांना, उशिराचं थँक्यू

मामा, रामराम.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाहीत मला माहितीय, तुमच्या मोबाईलवर हवामान अंदाज आन कीर्तन सोडून तिसरं काही चालत नाही, पण तुमचा पोरगा वाचून दाखवील म्हणून लिहायलोय. आन तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषयच संपवता, त्यामुळं इथं सगळ्यांसमोरच लिहून टाकतो.

परवा मृग लागला आन एकदम डोक्यात आलं की अरे, उन्हाळा गेला की, आन माझ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र काढणारं) जिवंत हाय. परभणीचा उन्हाळा. जगात जर्मनी, देशात परभणी म्हणतेत ते कशासाठी म्हणतेत देव जाणे, पण उन्हाच्या बाबतीत आपण जर्मनीला ऐकत नाही.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो, जोडीला ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमधी थ्रीडी पत्रिका आन टायटलं बनवतो, आन रात्री जेवण झालं की गेम. २०२४ ची लग्नसराई बरी गेली, हातात पैसे आले, ठरवलं की आता कॉम्प्युटर असा करायचा की पाच वर्षं बघायला नको. मग सुरू झालं येड लागणं. कार्ड कोणतं घ्यायचं, एकीकडं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०८० सुपर, दुसरीकडं एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स. दोन्ही बाजारात आले तेव्हा किंमत सेम, ९९९ डॉलर, आपल्याकडं लाखाच्या आसपास. एकात १६ जीबी मेमरी, दुसऱ्यात २४. नुसत्या साध्या गेमिंगमधी दोघं खांद्याला खांदा लावून, रे ट्रेसिंग चालू केलं की ४०८० पुढं, मेमरी बघितली की ७९०० पुढं, बारकं चित्र मोठं करून गेम पळवायची युक्ती दोघांची, त्यातलं डीएलएसएस फक्त एनव्हिडियाकडं, एएमडीचं एफएसआर तेव्हा कुठंबी चालायचं... तीन महिने मी हेच बघत होतो. झोपताना ४०८०, उठल्यावर ७९००. माय म्हणली एवढ्या दिवसात तर मुलगी बघून झाली असती.

आन ऑगस्टमधी आबांची शेतातली मोटार जळाली. ती घेऊन तुमच्या रिवायंडिंगच्या दुकानात आलो, तुम्ही वायंडिंग, म्हंजे मोटारीतली जळालेली तार, उपसत होते, मी स्टुलावर बसून मोबाईलमधी परत तेच बघत होतो. तुम्ही इचारलं, "भाच्या, घंटाभर झाला, काय बघायलास एवढं?" मी सांगितलं. वाटलं मामाला काय कळणार. तुम्ही पहिला प्रश्न इचारला, "वॅट किती खातेत?"

एक ३२०, एक ३५५.

"म्हंजे पस्तीसचा फरक. एक ट्यूबलाईट बी नाही झाली की रे. ह्याच्यावर तीन महिने?"

मग म्हणलात समजावून सांग, दुसऱ्यात काय जास्त हाय. मी रे ट्रेसिंग समजावून सांगू लागलो, की मामा उजेड कसा पडतो, कुठं आपटून कुठं जातो, त्याचा हिशोब कार्ड करतं, मग सावली एकदम खऱ्यावानी दिसती. तुम्ही हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघितलं आन म्हणलात, "परभणीत बसून तू ऊन-सावली बघायला लाख रुपये देयलास?" दुकानातले दोघं-तिघं हसले, मी बी हसलो, पण खरं सांगू का, त्या मिनटाला मला पहिल्यांदा ऐकू आलं मी काय बोलायलो ते.

पण थँक्यू त्याच्यासाठी नाही. थँक्यू तुमच्या पुढच्या प्रश्नासाठी. "अर्थिंग हाय का घरी?"

मी म्हणलं हाय की, तीन पिनचे बोर्ड हायेत. तुम्ही काहीच बोलला नाहीत. संध्याकाळी मोटार द्यायला स्वतः आले, खिशात टेस्टर, पिशवीत मीटर. माझ्या कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावला आन तो लागला! मीटर लावलं तर बॉडीवर शंभराच्या वर व्होल्टेज. मी म्हणलं हां, हात लागला की जरा झिणझिण्या येतेत, कॉम्प्युटरला तसं असतंच ना. असतंच ना! आठ वर्षं मी असंच समजत होतो, पायात चप्पल घालून बसायचो.

तुम्ही समजावून सांगितलं ते मी आता इतरांना सांगत असतो. एसएमपीएस म्हंजे कॉम्प्युटरला वीज देणारा डबा, त्याच्या आत बारके कपॅसिटर असतेत, एक फेजकडून बॉडीला आन एक न्यूट्रलकडून बॉडीला, लाईनीतला कचरा अर्थमधी सोडायला. अर्थिंग असली तर तो जमिनीत जातो. नसली तर जाणार कुठं, मग बॉडी मधल्यामधी लटकून राहती, २३० चं अर्धं, ११५ च्या आसपास. करंट अगदी बारीक, माणूस मरत नाही, पण मशीनची वाट लागती. आमच्या बोर्डातली तिसरी पिन उघडून बघितली तर आत वायरच नाही. शोभेला पिन.

आन मग तुम्ही इचारलं की कधी काही जळालं का. जुन्या कार्डाचा एचडीएमआय पोर्ट गेला होता मामा, आदल्या वर्षी, टीव्हीला वायर लावताना बारीक ठिणगी उडली आन पोर्ट गेला. मी दुकानदाराशी भांडलो होतो, माल खराब दिला म्हणून, त्यानं बी ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. तुम्ही म्हणलात, इकडं बॉडीवर ११५ अन तिकडं टीव्ही डिशच्या वायरीतून जमिनीला टेकलेला, मधी वायर लावली की फरक त्या पोर्टातूनच पळणार. म्हणजे त्याच बोर्डावर मी लाखाचं कार्ड लावणार होतो. विचार केला की अजून बी पोटात गोळा येतो.

पुढच्या रविवारी तुम्ही अन आबांनी मागच्या अंगणात खड्डा घेतला. पाईप, कोळसा, मीठ, थर लावून. तुम्ही म्हणलात काळ्या रानाचं एक हाय, पावसाळ्यात अर्थिंग एक नंबर, आन मे महिन्यात माती भेगाळली की पाईपाला माती चिटकतच नाही, मग अर्थिंग नावालाच. म्हणून पाणी घालत राहायचं. हे मला कोणत्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं, ते लोक गेमच्या सेकंदाला किती फ्रेम ते मोजतेत, माती कोण बघणार.

यूपीएसचं बी तसंच. माझ्याकडं ६०० व्हीएचा होता आन मला वाटायचं ६०० म्हणजे ६०० वॅट. तुम्ही म्हणलात व्हीए वेगळं, वॅट वेगळं, हा साडेतीनशेच्या वर ओढणार नाही, नुसतं तुपलं कार्डच ३२० खाईल, गेम चालू असताना लाईट गेली की यूपीएस बी बसंल अन मशीन बी. मग १५०० व्हीएचा घेतला, एसएमपीएस ५५० चा काढून ८५० चा टाकला, कंपनीच ४०८० सुपरला ७५० चा सांगती. कार्ड दोन महिने पुढं गेलं ह्या पैशापायी. तेव्हा राग आला होता थोडा, आता कबूल करतो.

आन त्या दोन महिन्यातच कार्डाचा निकाल लागला. तुम्ही जाता जाता म्हणला होतात, "दिवसातून काम किती तास अन खेळ किती तास, ते लिहून काढ." लिहिलं. सीझनमधी काम आठ-नऊ तास, गेम दीड-दोन. आन ब्लेंडरमधी सायकल्सचं (त्यातलं चित्र तयार करणारं इंजिन) रेंडर एनव्हिडियावर त्यांच्या ऑप्टिक्स तंत्रामुळं लवकर निघतं, त्यात वादच नाही. राहिला प्रश्न २४ जीबीचा, तर माझ्या सगळ्यात जड पत्रिकेचा सीन प्रोसेसरवर रेंडर लावून मेमरी बघितली, दहा जीबीच्या वर जात नव्हती. माझ्या १४४०पी रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर गेमला बी १६ पुरे. मग २४ कशाला, पाहुण्यांना दाखवायला? दिवाळीच्या आधी ४०८० सुपर आणलं. (मोठं पोतंच हाय हे कार्ड, तीन खणाची जागा खातं. हार्डडिस्कचा पिंजरा काढावा लागला तेव्हा बसलं. आन ती सोळा पिनची वायर कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवली, अर्धवट बसली की तिथंच तापून वितळती म्हणून.) ज्याचं फक्त गेमिंग हाय आन रे ट्रेसिंगशी देणंघेणं नाही त्यानं ७९०० एक्सटीएक्स घेतलं असतं तर मी त्याला येडा म्हणलो नसतो, ते बी सांगून ठेवतो.

जानेवारी २०२५ मधी एनव्हिडियाचं नवं ५०८० आलं, परत ९९९ डॉलर, परत १६ जीबी, वॅट मात्र ३६०. दोस्त म्हणले थांबायचं होतंस. म्हणलं थांबलो असतो तर अजून थांबलेलाच असतो.

उन्हाळ्यात तुमची दुसरी गोष्ट कामी आली. "खाल्लेले सगळे वॅट शेवटी गरमी होऊनच बाहेर पडतेत भाच्या, वायंडिंग असू दे नाहीतर तुपलं कार्ड." मे महिन्यात खोलीतच ३६-३७, त्यात हा ३२० वॅटचा हीटर. मग कार्डाची पॉवर लिमिट (जास्तीत जास्त किती वॅट खायचे ती मर्यादा) ८० टक्क्यावर आणली, म्हणजे अडीचशेच्या थोडं वर. फ्रेम शंभराला चार-पाच कमी झाल्या असतील, डोळ्याला तर काहीच कळलं नाही, पंख्याचा आवाज मात्र निम्मा झाला. कूलरचं तोंड बी कॅबिनेटकडून काढून माझ्याकडं केलं, तुम्ही ओरडला होतात ना, ओली हवा मशीनवर सोडायलास का म्हणून.

लाईट गेलीच, रोज जायची, एका दिवशी तर तीन तासात सात वेळा. यूपीएस टीं टीं करायचा, मी सेव्ह करून बंद करायचो. एकदा बी काही जळालं नाही.

मामा, खड्डा घेतला त्या दिवसाची मजुरी तुम्ही घेतली नाही, आबांनी खिशात कोंबली तर परत मोटारीच्या बिलात कमी केली, ते आम्हाला नंतर कळलं. ती घेऊन मी रविवारी येणार आहे, नाही म्हणू नका. जुन्या यूपीएसची बॅटरी बी आणतो. आन हो, माय रोज सकाळी तुळशीला पाणी घालती, उरलेला तांब्या मागं जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात ओतती. आता तिथं हळदीकुंकू बी दिसायलंय. ते चालतं का, का मिठाला काही होतं, तेवढं रविवारी सांगा.

तुमचा भाचा