सेंटरपिन रीळ घ्यायला पाचशे पाउंड लागत नाहीत

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या छंदांवर लेख आला होता तो वाचला, त्यात इंग्लंडमधल्या गळाच्या मासेमारीवर जेमतेम दोन परिच्छेद आणि त्यातही सेंटरपिन रीळ म्हणजे श्रीमंतांचं खेळणं, चार-पाचशे पाउंडांशिवाय मिळत नाही, शिवाय गिअर नाही म्हणून कामाचं नाही, असं लिहून लेखक मोकळे झाले. वर फोटो छापलाय तो फ्लाय रीळचा, म्हणजे वेगळ्याच प्रकारच्या मासेमारीच्या रिळाचा. मी नॉटिंगहॅमला राहते, म्हणजे या रिळाच्या माहेरीच म्हणा ना, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

सेंटरपिन म्हणजे काय तर मधे एक पिन, तिच्यावर मोकळा फिरणारा ड्रम, त्यावर गुंडाळलेली लाईन म्हणजे गळाचा दोरा, आणि ड्रमला दोन मुठी, संपलं. गिअर नाही, लाईन गुंडाळून देणारी तार नाही, बहुतेकांत ब्रेकही नाही, ब्रेक म्हणजे तुमचा अंगठा. फ्लोट, म्हणजे लाईनवरचं तरंगणारं बूच, पाण्यात सोडला की नदीची धारच लाईन ओढून घेते आणि ड्रम धारेच्या चालीने फिरतो, याला इथे ट्रॉटिंग म्हणतात. अंगठा कडेवर जरासा टेकवला की फ्लोट किंचित थांबतो आणि खालचं आमिष तरंगत पुढे उचललं जातं, आणि बऱ्याचदा मासा नेमका तेव्हाच घेतो. हे साध्या स्पिनिंग रिळावर जमत नाही असं नाही, पण लाईन बोटाने सोडत बसावी लागते आणि फ्लोट धक्के खात जातो. म्हणजे गिअर नसणं हीच यातली सोय आहे, लेखकांनी बरोबर उलटं लिहिलंय.

इतिहास थोडक्यात. १९व्या शतकात नॉटिंगहॅमचे, ट्रेंट नदीवरचे लोक लाकडी रिळं वापरायचे, म्हणून त्या प्रकाराला आजही नॉटिंगहॅम रीळ म्हणतात. लाकूड पाण्याने फुगायचं आणि ड्रम अडकायचा. मग १८९०च्या दशकात रेडिचच्या ऑलकॉक कंपनीने एरिअल नावाचं रीळ काढलं, हलका ड्रम आणि सायकलसारख्या तारा, ते आजही जुन्या वस्तू जमवणाऱ्यांत सोन्याच्या भावाने जातं. १९०५ साली ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ यांनी फिक्स्ड स्पूल रिळाचं (म्हणजे आजच्या स्पिनिंग रिळाच्या पूर्वजाचं) पेटंट घेतलं आणि हळूहळू सगळे तिकडे वळले. पण सेंटरपिन मेलं नाही. कॅनडात ऑन्टारिओच्या नद्यांवर स्टीलहेड या ट्राउट माशासाठी याचीच मोठी भावंडं वापरतात, आणि आपल्याकडे कलकत्त्याचे लोक रोहू-कटल्यासाठी छिपीला (गळाच्या काठीला) हुइल म्हणजे चाकासारखं रीळ लावतात तेही याच जातीचं.

आता पैशाचं बोलू. हाताने बनवलेली, एकेक नग लेथवर कातलेली रिळं चार-पाचशे आणि त्याहूनही वर जातात हे खरं आहे, ती सुंदर असतात, ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावीत. पण ओकुमासारख्या कंपनीचं नवं बेअरिंगवालं रीळ शंभर-दीडशे पाउंडांत येतं, आणि जे. डब्ल्यू. यंग कंपनीची जुनी रॅपिडेक्स, ट्रूडेक्स वगैरे रिळं सेकंडहॅंडमध्ये त्याहूनही स्वस्त मिळतात, कार बूट सेलला (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) नशीब असेल तर फारच स्वस्त. माझं स्पष्ट मत असं की पहिलं रीळ यातलंच घ्यावं.

आणि घेताना लोक कशावर भाळतात तर किती वेळ फिरतं यावर. विकणारा व्हिडिओ टाकतो, एक टिचकी मारली आणि ड्रम दोन मिनिटं फिरतोय बघा. अहो जड ड्रमला जोरात टिचकी मारली की तो फिरणारच, वजनच त्याला फिरवतं! नदीवर कोण टिचकी मारणार आहे? तिथे चार-पाच ग्रॅमचा फ्लोट आणि संथ धार, तेवढ्याशा ओढीने ड्रम जागचा हलायला पाहिजे. म्हणजे बघायचं ते किती वेळ फिरतो हे नाही, किती कमी ओढीने सुरू होतो हे. घरी बघायचं झालं तर रीळ रॉडला (गळाच्या काठीला) लावा, रॉड आडवा धरा, ड्रमवरून थोडी लाईन सरळ खाली सोडून टोकाला दोन एए शॉट (लाईनला चिमटायच्या वजनाच्या छोट्या गोळ्या) चिमटा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम झाले, आणि सोडून द्या. ड्रम आपणहून सुरू होऊन सावकाश फिरत राहिला तर रीळ चांगलं. नाही सुरू झाला तरी लगेच नाकारू नका, नव्या बेअरिंगमधे ग्रीस ठासलेलं असतं त्याने पण असं होतं, ते साफ करता येतं, त्यावर पुढे लिहिते.

जे साफ करून सुटत नाही ते म्हणजे ड्रम आऊट असणं. सायकलवाला चाक फिरवून रिमकडे कडेने बघतो ना, तसंच इथे बघायचं, ड्रम हळू फिरवा आणि त्याची कड आणि मागची प्लेट यांच्यातली फट सगळीकडे सारखी राहते का बघा. कुठे कमी कुठे जास्त होत असेल तर एकतर पिन वाकलीय नाहीतर ड्रमच वाकडा कातलाय, दोन्हीला घरगुती इलाज नाही. आणि फट सारखी असूनही मोठी असेल तरी घेऊ नका, कारण तीन-चार पाउंड वजन पेलणारी बारीक लाईन वाऱ्याने सैल झाली की बरोबर त्या फटीत शिरते आणि ड्रमच्या मागे पिनेला गुंडाळते, थंडीत बोटं बधिर झालेली असताना ते सोडवणं म्हणजे शिक्षा आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या स्वस्त रिळांची खोड हीच, फिरतात छान पण फट अशी की दोरा काय सुतळी जाईल. सेकंडहॅंड घेताना विकणाऱ्याला सांगा की बाबा कडेने व्हिडिओ काढून पाठव, समोरून नको. जो टाळाटाळ करतो त्याला रामराम.

साईज म्हणाल तर चार ते साडेचार इंची ड्रम घ्या. लहान घेतला तर लाईन आवरताना हात दुखतात, साडेचार इंची ड्रमचा एक फेरा म्हणजे जेमतेम पस्तीस सेंटीमीटर, म्हणजे वीस मीटरवरचा फ्लोट परत आणायला साठेक फेरे. म्हणून इथले जुने लोक मूठ धरून फिरवतच नाहीत, ड्रमच्या कडेवर तळहाताने थापट्या मारत आणतात, बघायला मजा येते. रॅचेट म्हणजे ती कटकट वाजणारी खटकी हवीच, नाहीतर पिशवीत ड्रम फिरून लाईनचा गुंता होतो. रिळाचा पाय तुमच्या रॉडच्या सीटमधे बसतो का हेही बघा, जुन्यांचा पाय कधीकधी इतका जाड असतो की कानशीने घासावा लागतो.

लाईन भरताना हावरटपणा नको. शंभर मीटर पुरते, काठोकाठ भरली की ड्रमच्या कडेलाच वजन वाढतं आणि सुरू व्हायला जड जातो, आणि वरच्या फेऱ्या खालच्यांत रुततात, मग फ्लोट मधेच गचका खाऊन थांबतो आणि लोक बेअरिंगला शिव्या देतात.

निगा राखायला खर्च जवळपास शून्य आहे. नदीवरून आलं की ड्रम काढायचा, कोरड्या सुती फडक्याने पिन आणि मागची प्लेट पुसायची, ट्रेंटच्या पाण्यात बारीक गाळ असतो तो राहिला तर बेअरिंगमधे जाऊन बसतो. नळाखाली धरू नका, पाण्याच्या जोराने घाण उलट आत जाते. ओलं रीळ पाऊचमधे बंद करून ठेवलं की झालंच. बेअरिंग जड वाटली तर बाहेर काढून लायटरमधे भरतात त्या फ्लुइडमधे बुडवून ठेवा (खिडकी उघडी, गॅस बंद, हे सांगायलाच हवं), हलवून ग्रीस सुटू द्या, कागदावर पूर्ण वाळवा आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच! दोन थेंबांनी जास्त गुळगुळीत होत नाही, उलट जादाच्या तेलाला धूळ चिकटते. ग्रीस बेअरिंगला अजिबात नको, इथे डिसेंबरात ग्रेलिंग मासा धरायला जाताना ते मेणासारखं घट्ट होतं. ग्रीस लागलंच तर रॅचेटच्या दात्याला, तेही काडीच्या टोकाने. डब्ल्यूडी-४० पाणी घालवायला ठीक आहे पण वंगण म्हणून टिकत नाही. बिनबेअरिंगच्या जुन्या रिळात पिन आणि बुशच असतं, तिथे फक्त पुसणं आणि पातळ तेल, पॉलिश पेपर मारायचा मोह आवरा, पिन एकदा घासली गेली की ड्रम कायमचा डुगडुगतो. आणि रीळ खाली पाडू नका, जास्तीत जास्त पिना त्यानेच जातात.

हे रीळ सगळ्यांसाठी नाही हेही लिहायला हवं. तलावावर लांब फेकायचं असेल, वारा उलटा असेल, तर स्पिनिंग रीळच बरं. फेकायला शिकताना चिडचिड होते, आणि मोठा बारबल मासा लागला की उलट्या फिरणाऱ्या मुठी बोटांच्या पेरांवर अशा बसतात की गावच्या मास्तरांची छडी आठवते. कोकणात लहानपणी आम्ही गरी हातात धरूनच मासे पकडायचो, रीळ नव्हतंच, आणि खरं सांगते, सगळ्या रिळांत त्या हातातल्या दोऱ्याच्या जवळ जाणारं हेच एक वाटतं, मासा नुसता हुंगून गेला तरी कळतं.

पुरवणी वाचून कुणी इथे आलेले मराठी विद्यार्थी किंवा पाहुणे नदीवर जायला निघाले असतील तर दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या. इंग्लंडमधे १३ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं रॉड लायसन्स (गळ टाकायचा परवाना) लागतं, ऑनलाइन निघतं, आणि त्याशिवाय नदीच्या त्या पट्ट्याच्या मासेमारी क्लबचं तिकीट वेगळं. शिशाच्या गोळ्या भारतातून आणू नका, हंसांना विषबाधा होते म्हणून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे, इथल्या दुकानात बिनशिशाचे शॉट मिळतात. आमिषाला किडेच लागतात असं काही नाही, ब्रेड, स्वीटकॉर्न, भिजवलेलं हेम्पचं बी, शाकाहारी माणसालाही चालेल (मासा बहुतेक परत पाण्यातच सोडतात, तेव्हा तोही प्रश्न नाही). आणि १५ मार्च ते १५ जून नद्यांवर गळ टाकायला बंदी असते, पण बऱ्याच तलावांवर आणि कालव्यांवर ती नाही, तेव्हा रीळ उन्हाळ्याच्या तोंडावर घेतलंत तर १६ जूनपर्यंत कालव्यावर हात बसवून घ्या.

आपली,
एक वाचक, बीस्टन, नॉटिंगहॅम